शिफ्ट संपेपर्यंत

माझ्या नातीला, शुभ्राला, घराची स्वतःची किल्ली मिळाली त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात, आमच्या अजमानच्या न्हाणीघरात जवाला मोड आले.

पंच्यात घट्ट बांधलेलं गाठोडं मी शॉवरच्या दांडीला टांगलं होतं. खाली बादली. संध्याकाळी सून आली. वीणा तिचं नाव, शारजातल्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते. पर्स टाकून ती तोंड धुवायला आत गेली आणि तशीच बाहेर आली.

"आई, बाथरूममध्ये काय लटकवलंय?"

"जव."

"जव म्हणजे?"

"बार्ली गं. मोड आणायला ठेवलेत."

"कशाला?"

"सत्त्व करायला."

"अहो आई, शुभ्रा अकरा वर्षांची झाली. आता सत्त्व खाणार कोण?"

शुभ्रा सोफ्यावरून मान वर न करता म्हणाली, "नॉट मी. इट स्टिंक्स."

हे, म्हणजे माझे यजमान, बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. तिथूनच म्हणाले, "मी खाणार. दात म्हाताऱ्याला पण नसतात."

वीणा हसली आणि चहा ठेवायला गेली. तिच्याशी मी खोटं बोलले नव्हते. सगळं सांगितलं नव्हतं, एवढंच.

जेवताना माझ्या मुलाने, वरदने, मोबाइल पुढे केला. "आई, बाबा, तिकिटं काढली. अठरा जून, संडे. मी स्वतः एअरपोर्टला सोडतो. पनवेलचा फ्लॅट रेडी आहे, लिफ्ट चालू झाली, खाली मेडिकल आहे. यंदाचा समर बाबांना इथे झेपणार नाही."

"परत कधी?" ह्यांनी विचारलं.

"बघू ना. आधी आराम तर करा."

मी मोबाइल हातात घेतला. तिकीट एकाच बाजूचं होतं. तेवढं मला वाचता येतं. गावी वरद पहिलीत होता तेव्हा त्याच्याच पुस्तकावरून मी अक्षरं शिकले, तिशी ओलांडल्यावर. त्याला ते आठवत नसावं.

वरद वाईट मुलगा नाही. रोज दुबईला जातो, ट्रॅफिकमधून चेंदामेंदा होऊन परत येतो, आणि बापाच्या खोकल्याचं औषध कधी विसरत नाही. पण शुभ्रा झाली तेव्हा आमची गरज होती, आणि आता तिच्या गळ्यात किल्ली होती. हे निवृत्त झाल्यापासून आमचा दोघांचा व्हिसा वरदच्या नावावर. ह्या देशात म्हातारं माणूस कुणाच्या तरी नावावरच राहतं.

ह्यांनी पानातलं संपवलं, हात धुतले आणि न्हाणीघरात जाऊन गाठोड्यावर पाणी शिंपडून आले.

हे थंडीचे मिस्त्री. एकोणीसशे ब्याऐंशीला चिपळूणकडून आले ते अबुधाबीला कोल्ड स्टोरेजच्या कामाला, पुढे कंपनी मुसफ्फाला हलली तेव्हा तिथे. बाहेर डांबर मऊ व्हायचं आणि आत उणे अठरा. मासळी, कोंबड्या, आईस्क्रीम, लग्नाची फुलं, सगळ्यांची थंडी ह्यांच्या हातात. दिवसभर आत-बाहेर. आत जाताना कंपनीचा जाड निळा कोट घालायचा, बाहेर आल्यावर काढून खिळ्याला अडकवायचा. त्याला सगळे थंडीचा कोट म्हणत. पुढे आम्ही मायलेक इथे आल्यावरही हे कॅम्पमध्ये राहायचे आणि गुरुवारी संध्याकाळी कंपनीच्या बसने अजमानला घरी यायचे. तो कोट धुवायला बरोबर असायचा. लहान वरद त्यात तोंड खुपसून म्हणायचा, बाबा, अजून थंड आहे.

निवृत्त झाले तेव्हा कंपनीने घड्याळ दिलं. कोट ह्यांनी न विचारता आणला. घड्याळ केव्हाच बंद पडलं.

त्या आत-बाहेरनेच छाती गेली, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. नाही, असंही म्हणाले नाहीत.

लागरचं खूळ मुसफ्फातलंच. एक जर्मन इंजिनिअर नवे कॉम्प्रेसर बसवायला आला होता. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण कॉम्प्रेसर दोघांनाही येत होता, त्यामुळे गप्पा चालायच्या. त्याचा काका गावी तळघरात बियर करायचा. त्याने ह्यांना सांगितलं की लागर म्हणजे ठेवणं. थंडीत ठेवून द्यायची म्हणून ती लागर. बाकी सगळं धान्य करतं, माणसाने फक्त थंडी सांभाळायची. हे घरी आल्यावर मला म्हणाले होते, "म्हणजे माझंच काम की गो!" मग वीसेक वर्षं त्याबद्दल काही बोलले नाहीत.

शुभ्राला किल्ली मिळाली तेव्हा पुन्हा बोलले.

"विकत मिळते की," मी म्हटलं. गुरुवारचा एक ग्लास, लिंबू पिळून, ही ह्यांची जुनी सवय. त्यात चोरी नव्हती.

"मिळते. जन्मभर दुसऱ्याच्या मालाला थंडी दिली, भामे. आपला माल कधी आत ठेवला नाही."

घरी करणं इथे चालत नाही. आम्हाला ते ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

माझ्या बहिणीचा नातू कैवल्य त्यानंतर थोड्याच दिवसांत नोकरी शोधायला आला, आमच्या हॉलमध्ये राहिला. पुण्यात तो मित्रांबरोबर हे उद्योग करतो. लागरचं यीस्ट आणि हॉप्स, म्हणजे बियरला कडवटपणा देणारी वाळकी फुलं, त्यानेच ह्यांच्या सांगण्यावरून चिवड्याच्या पिशवीतून आणली. नोकरी मिळाली नाही, तो परत गेला, पिशवी राहिली. जाताना सांगून गेला, "आज्जी, जवाला मोड आणून वाळवले की झालं माल्ट."

"म्हणजे नाचणीसत्त्वच की," मी म्हटलं.

"सेम!" तो म्हणाला. ते तितकंसं सेम नव्हतं.

मोड आलेले जव मी बाल्कनीत जाळीखाली वाळवले, आणि मग हाताला सवय म्हणून कढईत खमंग भाजले. वरद भाजलेल्या सत्त्वावर वाढला, शुभ्राही वाढली. घरभर असा वास सुटला की शेजारची केरळी बाई विचारायला आली. दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर गेल्यावर भरड काढली, गरम पाण्यात घातली. तासाभरात पाणी गोड व्हायला हवं होतं. हे दर थोड्या वेळाने चमचा घालून चाखत होते.

"गोड?"

"नाही."

"आता?"

"पेज झाली आहे गो. मीठ घातलंस तर आजाऱ्याला देता येईल."

कैवल्यला फोन लावला.

"आज्जी, तुम्ही जव भाजलेत का?"

"मग? कच्चे पाजायचे बाळाला?"

पलीकडून तो म्हणाला, "आज्जी, हे बाळासाठी नाहीये."

"ते मला कळतं रे."

"अहो, पिठाची साखर करणारं जे आत असतं ना, ते भाजलं की मरतं. फक्त वाळवायचं. खमंग नाही करायचं."

हे इतके हसले की खोकल्याची उबळ आली. पाठीवरून हात फिरवेपर्यंत माझंही हसू थांबेना. त्या पातेल्यात ताक आणि मीठ घालून मी आंबील केली. वीणा संध्याकाळी दोन वाट्या प्याली, म्हणाली, "आई, मस्त. एकदम हेल्दी."

पण दिवस गेले ते गेलेच. पुन्हा जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे. मग दोन-तीन आठवडे दहा अंशांवर आंबवायचं, आणि महिनाभराहून जास्त एक अंशावर ठेवायचं. ह्यांनी मनाशी हिशेब केला.

"जुलै संपता संपता होईल."

"विमान अठरा जूनचं आहे."

"विमान वरदचं आहे," हे म्हणाले. "कोल्ड रूम चालू आणि मिस्त्री गायब, असं कधी झालं नाही माझ्या हातून. बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नसते."

मी दुसऱ्यांदा जव भिजवले.

फ्रीज मोहिद्दीनभाईंनी आणला. रत्नागिरीचे, ह्यांच्याच कंपनीत इलेक्ट्रिशियन होते. आता अजमानला मुलाबरोबर फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे. आयुष्यात दारूला बोट लावलेलं नाही. टेम्पोतून जुना फ्रीज उतरवून, आमच्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी लावून, घाम पुसत खाली बसले.

"मिस्त्री, फ्रीज हवा म्हणालास, आणला. कशाला हवा ते मी विचारलं नाही."

"नाही विचारलंस."

"विचारणार पण नाही."

"नकोच विचारू."

"कुलसुमने झाडाची लिंबं दिलीत." बायकोने दिलेली पिशवी त्यांनी माझ्याकडे सरकवली. "वहिनी, लोणच्याला हं. मी लोणच्याला दिली. वर अल्ला विचारील तेव्हा मला हेच सांगायचंय."

"मोहिद्दीनभाई, लोणचं पण घालीन."

"घाला बाबा, नक्की घाला. म्हणजे मी खोटा पडणार नाही. खलास." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "आणि तू रे हबीबी, डॉक्टरने सांगितलेलं काही ऐकतोस का?"

"ऐकतो की. कानाने."

मी त्याच दिवशी लोणचं घातलं. मोहिद्दीनभाई खोटे पडू नयेत ही जबाबदारी माझी होती.

ह्यांनी फ्रीजला बाहेरून थर्मोस्टॅट जोडला. छोटी पेटी, लाल आकडे. आतल्या फळ्या काढल्या की पाण्याच्या कूलरवर उपडा लावतात तो मोठा बाटला नीट मावत होता. एका शुक्रवारी घरात कुणी नसताना आम्ही दोघांनी काम काढलं. गरम पाण्यातली भरड मी पंच्याने गाळली, कुरडईचा चीक गाळतात तशी. ह्यांनी चमचा चाटला आणि तोच चमचा माझ्यापुढे धरला. गोड होतं. उसाच्या रसासारखं नाही, चघळलेल्या ओंबीसारखं. मग हॉप्स घालून उकळलं. कडुनिंब आणि ओलं गवत एकत्र जाळल्यासारखा वास. खिडक्या बंद, पंखा चालू, दाराच्या फटीला ओला टॉवेल. गार करून बाटल्यात भरलं, यीस्ट घातलं. झाकणातून एक नळी काढून तिचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं. दुसऱ्या दिवशी त्या ग्लासात पहिला बुडबुडा आला. बुडुक.

हे फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसले. "चालू झाली," म्हणाले, जसं मशीनबद्दल म्हणायचे तसं.

अठरा जूनच्या आदल्या शनिवारी वरद बॅगा घेऊन आमच्या खोलीत आला. रिकाम्या बॅगा पलंगावर टाकल्या. बुडुक झालं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. पुन्हा झालं. त्याने फ्रीज उघडला.

"हे काय आहे?"

"लागर," हे म्हणाले.

"काय?"

"बियर रे. घरची."

वरद बॅगांच्या मध्येच बसला. आवाज चढवला नाही, उलट एकदम खाली आला. "बाबा, तुम्हाला कळतंय का? हे इल्लीगल आहे. तुमचा व्हिसा, आईचा व्हिसा, सगळं माझ्या नावावर आहे. कुणी कम्प्लेंट केली तर एक फोन आणि खलास. माझा जॉब, शुभ्राची शाळा. बियर हवी होती तर मला सांगायचं. शॉपमधून बॉक्स आणून देतो. दोन बॉक्स आणतो!"

"नको."

"का नको?"

"ती मी केलेली नाही."

"म्हणून? एवढ्यासाठी?"

"एवढं म्हणजे किती, ते तू नको ठरवू."

वरद उठला आणि प्लगकडे गेला. मी आधीच तिथे होते. कधी गेले ते मलाही कळलं नाही. पाठ भिंतीला, पाठीमागे प्लग.

"आई, बाजूला हो."

"नाही होत."

"तू तर पीत पण नाहीस!"

"नाही पीत. जव मी भिजवलेत."

तो हसला नाही. मीही नाही. "तुझी भीती खरी आहे," मी म्हटलं. "आम्ही हे विकणार नाही, बाहेर एक थेंब जाणार नाही. तुला न विचारता केलं, ते चुकलं असेल. पण तूही तिकीट आम्हाला न विचारताच काढलंस. प्लग काढायचा असेल तर आधी मला उचलून बाजूला ठेव."

वरदने माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग रिकाम्या बॅगा तिथेच ठेवून बाहेर गेला. "उद्या फ्लाइट आहे," एवढंच म्हणाला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी दुपारी तो गाडीची किल्ली घेऊन आला तेव्हा बॅगा तशाच रिकाम्या होत्या. हे फ्रीजसमोर खुर्चीत बसले होते. अंगात थंडीचा कोट. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. बाहेर पंचेचाळीस अंश, खोलीत एसी असूनही कपाळावरून घाम ओघळत होता.

"बाबा, हे काय घातलंय?"

"ड्युटीवर आहे."

"बाबा, यल्ला, प्लीज. ट्रॅफिक लागेल."

"आजपासून दहावरून खाली उतरवायचंय. रोज थोडं थोडं. एकदम खाली नेलं तर बिघडतं. हे काम मध्ये सोडता येत नाही."

"आणि शिफ्ट कधी संपणार तुमची?"

"जुलैअखेर. तेव्हा बोलू."

"तेव्हाही नाहीच म्हणाल."

"म्हणेन बहुतेक."

शुभ्रा दारात येऊन उभी होती. "डॅड, ही इज नॉट गोइंग," ती म्हणाली. "लुक ॲट हिम."

वरदने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या कोटाच्या बाहीला खांद्याजवळ मी लावलेलं ठिगळ होतं, फिक्या निळ्या रंगाचं, वरदच्याच शाळेच्या शर्टाचं. तो जवळ आला आणि मला वाटलं, हाताला धरून उठवणार. त्याने कोटाचं वरचं एक बटण काढलं.

"एवढं तरी उघडं ठेवा. गुदमराल," म्हणाला, आणि निघून गेला.

विमान आमच्याशिवाय गेलं. आठवडाभर वरद आमच्याशी बोलला नाही. औषध मात्र रोज टेबलावर असायचं.

लाल आकडा हळूहळू एकवर आला. बुडबुडे थांबले. आता काही करायचं नव्हतं, फक्त ठेवायचं होतं. हे सकाळी उठून आधी आकडा बघायचे, मग चहा. फ्रीजचं दार उघडायची मनाई होती; मला, आणि स्वतःलाही. जुलै लागला आणि खोकला वाढला. जिना तर सोडाच, हॉलपर्यंत येताना मध्ये भिंतीला हात लावून थांबायचे. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचे, "तीन आठवडे थांब."

थांबता आलं नाही. एका दुपारी ओठ निळे झाले. वरद ऑफिसातून धावत आला, ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून ह्यांनी मला जवळ बोलावलं. माणसं खोळंबली होती.

"एक. एकच्या वर जाऊ देऊ नको."

"नाही जाऊ देत."

"लिंबाची साल शेवटच्या आठवड्यात. पातळ काढ. पांढरं नको, कडू होतं."

"माहीत आहे मला. मास्क लावा."

"आता तू ड्युटीवर," हे म्हणाले, आणि मास्क लावला.

हॉस्पिटलातून हे परत आले नाहीत.

वरदने तिथल्या कॉरिडॉरमध्ये मला विचारलं, "आई, गावी न्यायचं का? मी करतो सगळी व्यवस्था." त्याचे डोळे सुजले होते. मनापासून विचारत होता.

"नको," मी म्हटलं. "जे विमान त्यांनी जिवंतपणी नाकारलं, त्यात आता बोलता येत नाही म्हणून बसवायचं नाही."

अग्नी शारजाला दिला. स्मशानातून आल्यावर वरदने आंघोळ केली आणि तो आमच्या खोलीत गेला. मी हॉलमध्ये जमिनीवर बसले होते. मला वाटलं, आता हा प्लग काढणार, आणि आज मला उठून उभं राहायचं बळ नाही.

आतून त्याचा आवाज आला. "आई, एकवरच आहे."

त्या दिवसापासून ऑफिसला जाताना तो आधी आत डोकावायचा.

तेराव्यानंतर मोहिद्दीनभाई आले. आधीही येऊन गेले होते, पण माणसांच्या गर्दीत. ह्या वेळी एकटे होते. खुर्चीवर बसले नाहीत. पिशवी माझ्यापुढे ठेवली. हिरवी, पातळ सालीची लिंबं, पानांसकट.

"वहिनी," म्हणाले. "लोणच्याला..." टोपी काढली, पुन्हा घातली.

"मागचं मुरलंय," मी म्हटलं. "थांबा, बरणी देते. कुलसुमला सांगा, तेल कमी आहे, लवकर संपवा."

ते बरणी छातीशी धरून गेले. मी विळी घेऊन बसले आणि लिंबांची साल काढली. पातळ. पांढरं येऊ दिलं नाही. फ्रीजचं दार मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा उघडलं, साल बाटल्यात सोडली आणि दार लावलं.

जुलैच्या शेवटच्या रविवारी, दुपारी, जेवायच्या आधी, मी ती काढली. पडदे ओढले नाहीत. टेबलावर काचेचे ग्लास मांडले. मोहिद्दीनभाईंना बोलावलं होतं. त्यांच्यापुढे आणि शुभ्रापुढे लिंबाचं सरबत. वीणाने विचारलं, "आई, बाबांच्या फोटोपुढे एक ग्लास ठेवू का? आमच्या माहेरी ठेवतात."

"नको. फोटो पीत नाही."

मी ओतली. रंग वाळक्या गवताच्या काडीचा. थोडी गढूळ होती, फेस फारसा धरला नाही. पहिला ग्लास मी माझ्यापुढे घेतला. वरद बघतच राहिला.

"आई, तू?"

"शिफ्ट माझी आहे."

आधी लिंबाच्या सालीचा वास आला, मग दातांना थंडी लागली, मग जिभेच्या मागे कडवटपणा. मला आवडली नाही. ग्लास मी पूर्ण संपवला.

वरद हळूहळू प्याला. "थोडी पातळ झाली आहे," म्हणाला.

"उन्हाळ्याची आहे."

"हो." त्याने ग्लास प्रकाशात धरून पाहिला. "लिंबू मस्त लागतंय."

"लोणच्याचं आहे," मोहिद्दीनभाई सरबत पिता पिता म्हणाले, आणि मग आम्ही सगळेच हसलो. कितीतरी दिवसांनी त्या घरात एवढा आवाज झाला.

ताटं वाढताना वरद माझ्यामागे स्वयंपाकघरात आला. "आई, पनवेलचं..."

"बोल."

"काही नाही. जेवायला ये."

थंडीचा कोट मी कुणाला दिला नाही. फ्रीजशेजारी खिळा ठोकून अडकवला आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीणा कामावरून आली, पर्स टाकून तोंड धुवायला न्हाणीघरात गेली. दांडीला गाठोडं होतं, खाली बादली. ती तोंड धुऊन बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि चहा ठेवायला गेली.

ह्यांना मी संसारात कधी नावाने हाक मारली नाही. इथे लिहिते. माझे यजमान चारुदत्त शिगवण, कोल्ड स्टोरेजचे मिस्त्री, नऊ जुलै दोन हजार तेवीस रोजी, रविवारी सकाळी, अजमानला वारले.